इकडील सर्व क्षेम, पण कोणत्या तारखेला?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं घर मिनेसोटात, मिनियापोलिसच्या बाहेर. खालच्या मजल्यावर नेस्टचा (म्हणजे गुगलचा) थर्मोस्टॅट, घराचं तापमान राखणारं भिंतीवरचं यंत्र, वरच्या मजल्यावर इकोबी कंपनीचा. दोन्ही कंपन्यांच्या क्लाउडमधून तापमान वाचणारं टूल त्यांनी एमसीपी सर्व्हर म्हणून लिहिलं (एमसीपी म्हणजे एआयला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत), भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं आणि आपल्या एआय एजंटला, म्हणजे भाषेचं मॉडेल वापरून अशी टूलं चालवणाऱ्या मदतनीस प्रोग्रामला, जोडलं. डिसेंबरात महिनाभर पुण्याला आले. रोज सकाळी एजंटला विचारायचं, "घर कसं आहे?" उत्तर कधी "६८ अंश", कधी "२० अंश". दर आठवड्याला टूल बंद पडून पुन्हा लॉगिन मागायचं. एकदा तर तिकडे सहा तास वीज नव्हती, शेजाऱ्यांनी फोन करून कळवलं, आणि त्याच वेळी एजंट सांगत होता, "घरात २१ अंश आहे, सगळं व्यवस्थित." मॉडेल थापा मारतंय का, दुसरं लावू का, असं ते विचारतायत.

मॉडेल बदलू नका. तुमचा कोड मी दोनदा वाचला. मॉडेलने हातात जे ठेवलं ते मुकाट वाचून दाखवलं. थाप टूलने मारली, आणि ती तुम्हीच त्याला शिकवलीत: क्लाउडकडून उत्तर आलं नाही तर शेवटचं मूल्य परत द्यायचं, अशी एक ओळ तुमच्या कोडमध्ये आहे. हेतू चांगला असणार, एजंट अडकू नये म्हणून. पण ते मूल्य शेवटचं आहे, आत्ताचं नाही, हे टूल कुठेच सांगत नाही.

पूर्वी घरी येणाऱ्या पत्रात पहिली ओळ ठरलेली असायची, "इकडील सर्व क्षेम." ती वाचायच्या आधी आजी वर उजव्या कोपऱ्यात बघायची, तारीख काय ते. पत्र आठ दिवसांपूर्वीचं असेल तर क्षेमही आठ दिवसांपूर्वीचं. तुमचं टूल रोज बिनतारखेचं पत्र पाठवत होतं.

मी बावीस वर्षं इमारतींच्या एसी-हीटिंगच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहितोय, पहिली नऊ पुण्यात, पुढची अमेरिकेत. पुण्यात एका ऑफिसच्या इमारतीत थंड पाण्याच्या लाइनवरच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर दोन दिवस ७.२ अंश दिसत राहिलं. आकडा इतका गुणी की कोणाला संशयच येईना, वरच्या मजल्यावरचे लोक मात्र घामाघूम. बिघाड होता आमच्याच कोडमध्ये: वाचन फसलं की जुनं मूल्य तसंच धरून ठेवायचं. तेव्हापासून कुठलाही आकडा एकटा आला की मला त्याची भीती वाटते. इमारतींच्या धंद्यात हा प्रश्न नवा नाही. १९९५ सालच्या बॅकनेट मानकात (इमारतीतल्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम) सेन्सरच्या मूल्यासोबत चार झेंडे ठेवलेले आहेत: अलार्म आहे का, बिघाड आहे का, कोणी हाताने मूल्य बदललंय का, आणि हे यंत्र सेवेतून बाहेर काढलंय का. आज एजंटसाठी टूल लिहिणारी बरीच मंडळी वेबच्या जगातून आलेली आहेत, त्यांच्या कानावर हे पडलेलं नसतं. त्यामुळे तीच ठेच पुन्हा लागते.

आता एकेक बघू. ६८ आणि २० चं कोडं सर्वांत सोपं आहे. ६८ फॅरनहाइट म्हणजे बरोबर २० सेल्सिअस. नेस्टचा एपीआय, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागायची खिडकी, खोलीचं तापमान नेहमी सेल्सिअसमध्येच देतो, भिंतीवरच्या पडद्यावर तुम्ही फॅरनहाइट लावलं असलं तरी. पडद्यावर कुठलं एकक आहे ते तो वेगळ्या जागी सांगतो, पण त्याने मूल्य बदलत नाही. इकोबीची तऱ्हा निराळी. तो फॅरनहाइटच्या दशांशात, पूर्णांक देतो: ६८.० अंश म्हणजे ६८०. तुम्ही दहाने भागलंत, ते बरोबर, पण पुढे दोन्ही मूल्यं 'तापमान' अशाच नावाच्या रकान्यात टाकलीत. मॉडेलने कधी हे उचललं, कधी ते. एककच रकान्याच्या नावात घाला, म्हणजे 'खोलीचं तापमान सेल्सिअस'. आणि रूपांतर टूलमध्येच करा, मॉडेलवर सोडू नका. एका आकड्याचं रूपांतर ते सहसा नीट करतं, घोळ होतो फरकाच्या वेळी. "रात्रीपेक्षा किती घसरलं?" असं विचारलं आणि उत्तर २ अंश सेल्सिअस असेल, तर फॅरनहाइटमध्ये ते ३.६ होतं. पूर्ण सूत्र लावून ३५.६ सांगणारे एजंट मी पाहिलेत. खरं सांगायचं तर माणसंही पाहिलीत.

इकोबीच्या खोल्यांत ठेवायच्या छोट्या सेन्सरांचं मूल्य अंकाऐवजी मजकूर म्हणून येतं, तेही बघून घ्या.

दुसरा सापळा तुमच्या कोडमध्ये अजून नाही, पण तुम्ही होम असिस्टंटवर (घरातली सगळी यंत्रं एकत्र जोडणारं, घरीच चालणारं सॉफ्टवेअर) जायचं म्हणताय म्हणून आत्ताच सांगतो. तिथे हवामान-यंत्राच्या नोंदीत नुसत्या 'टेम्परेचर' या नावाखाली जे असतं ते खोलीचं तापमान नव्हे, ते तुम्ही मागितलेलं तापमान, सेटपॉइंट. खोलीचं तापमान 'करंट टेम्परेचर' मध्ये असतं. ही सगळी नोंद जशीच्या तशी मॉडेलपुढे टाकली तर ते साहजिकच पहिलं नाव उचलतं. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बंद पडून घर ५५ फॅरनहाइटवर आलेलं असताना एजंट छातीठोकपणे ६८ सांगणार, कारण ६८ ही तुमची इच्छा होती. त्याच नोंदीत मुख्य अवस्था 'हीट' अशी दिसते. तो मोड झाला, फर्नेस पेटलेली आहे असा त्याचा अर्थ नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर उघडा असणं वेगळं आणि शेगडी पेटलेली असणं वेगळं. शेगडीचं बघायचं तर 'एचव्हीएसी ॲक्शन' (एचव्हीएसी म्हणजे हीटिंग-एसीची यंत्रणा) हा रकाना बघावा लागतो, तिथे 'हीटिंग' किंवा 'आयडल' असं येतं. नेस्टच्या एपीआयमध्येही मोड एका जागी आणि प्रत्यक्ष अवस्था दुसऱ्या जागी अशीच विभागणी आहे. शिवाय ऊर्जा वाचवणारा इको मोड लावला की नेस्टचा नेहमीचा सेटपॉइंटचा रकाना रिकामाच येतो, इकोच्या मर्यादा वेगळ्या रकान्यात जातात. महिनाभर गावाला जाणारा माणूस इको लावूनच जाणार, त्यामुळे हे तुम्हाला नक्की भेटणार आहे. रिकाम्याचं शून्य करू नका.

शून्यावरून आठवलं. वाचन फसलं की शून्य परत द्यायची सवय बऱ्याच जणांना असते. मुंबईत ती खपून जाईल, घरात शून्य अंश म्हटलं की शेंबडं पोरही हसेल. मिनेसोटात शून्य हा खरा, घाबरवणारा आकडा आहे. आणि शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सिअस, तेही तिकडच्या जानेवारीत नवलाचं नाही. झिगबीवर, म्हणजे घरातल्या छोट्या यंत्रांच्या बिनतारी जाळ्यावर, चालणाऱ्या थर्मोस्टॅटांत तापमान सेल्सिअसच्या शतांशात येतं आणि 'वाचन नाही' यासाठी एक खास मूल्य राखून ठेवलेलं आहे. ते ओळखलं नाही तर भागाकारानंतर उणे ३२७.६८ मिळतं. निरपेक्ष शून्यच उणे २७३.१५ आहे, म्हणजे विश्वात इतकं थंड काही असूच शकत नाही. पण मी असा आलेख एका अहवालात छापलेला पाहिलाय, खाली 'किमान तापमान' म्हणून. तुमच्या टूलमध्ये समजूतदार मर्यादा घाला. घराच्या आत उणे ४० च्या खाली किंवा ६० सेल्सिअसच्या वर काही आलं तर त्याला वाचन म्हणू नका.

आता मुख्य दुखणं, शिळा आकडा. इथे जरा थांबतो, कारण हे दिसतं तितकं सरळ नाही.

वीज गेली तेव्हा तुमच्या घरात काय झालं ते बघा. नेस्टमध्ये छोटी बॅटरी असते, तो काही वेळ जागा राहिला असेल. इकोबीत बॅटरी नसते, तो फर्नेसच्या २४ व्होल्टवर चालतो, तो लगेच गेला. पण राउटरच बंद, म्हणून दोघांचाही क्लाउडशी संबंध तुटला. क्लाउडमध्ये शेवटचं कळलेलं मूल्य बसलेलं होतं, २१. तुम्ही मागितलंत आणि ते मिळालं. म्हणजे तुमची ती ओळ नसती तरी नेस्टच्या बाबतीत बहुधा हेच झालं असतं, कारण यंत्र संपर्कात नसल्याने विनंती फसते असं नाही. तापमानाच्या शेजारीच 'कनेक्टिव्हिटी' नावाचा गुण येतो, ऑनलाइन की ऑफलाइन. तो तुम्ही वाचतच नाही. इकोबीत असाच 'कनेक्टेड' रकाना आहे. हे दोन रकाने न वाचता तापमान वाचणं म्हणजे पत्ता न बघता पाकीट फोडणं.

बरं, ऑनलाइन आहे म्हणून आकडा ताजा असेल का? नेस्टच्या उत्तरात तापमानासोबत वेळच नसते. वेळ मिळते ती घटनांमधून: मूल्य बदललं की गुगलच्या पब-सब रांगेत एक संदेश पडतो, त्यावर वेळ असते. तुमच्या सर्व्हरने ती रांग ऐकायची आणि प्रत्येक मूल्याची 'शेवटचं कधी कळलं' ही वेळ स्वतःच्या वहीत लिहायची. तरी एक पेच उरतोच. नीट इन्सुलेशन केलेल्या घरात तापमान तास-दोन तास हलतच नाही, म्हणून संदेशही येत नाही. सेन्सर मेल्यावरही येत नाही. स्थिर घर आणि मेलेला सेन्सर बाहेरून सारखेच दिसतात. होम असिस्टंटमध्येही हाच घोटाळा व्हायचा. तिथे 'शेवटचं बदललं' आणि 'शेवटचं कळवलं' या आता दोन वेगळ्या वेळा आहेत, आणि तुम्हाला हवी आहे ती दुसरी. लोक हमखास पहिली घेतात.

म्हणून टूलने एजंटला काय द्यायचं? आकडा, तो कधी कळला ती वेळ, यंत्र संपर्कात आहे का, आणि आकड्याचं वय मिनिटांत. वय टूलनेच मोजायचं. मॉडेलला स्वतःचं घड्याळ नसतं. "पहाटे ४:१० ला वाचलेलं" एवढंच दिलंत तर आत्ता किती वाजलेत हे ते अंदाजाने धरून चालतं. तुमच्या बाबतीत तर आणखी मजा, हिवाळ्यात मिनेसोटा आणि पुणे यांच्यात साडेअकरा तासांचं अंतर, घड्याळ पुढे-मागे झालं की उन्हाळ्यात साडेदहा. 'वय ३७२ मिनिटं' असं लिहिलेलं असेल तर ना कालक्षेत्राचा प्रश्न, ना अंदाजाचा. वय ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेलं, मी ३० मिनिटं धरतो, की तापमानाचा रकाना रिकामा ठेवायचा आणि आकडा 'शेवटचं माहीत असलेलं' अशा वेगळ्या नावाने द्यायचा. हे नाव बदलणं फार कामाचं आहे. एकाच रकान्यात आकडा ठेवून शेजारी 'शिळा: हो' असा झेंडा लावला, तर सारांश करताना मॉडेल झेंडा गाळतं आणि आकडा ठेवतं. रकानाच रिकामा असेल तर त्याला गाळायला काही उरत नाही.

कॅशला, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर थोडा वेळ जपून ठेवण्याला, माझा विरोध नाही, उलट ती लागतेच. एजंट एका प्रश्नासाठी तेच टूल सात-आठ वेळा बोलावतो, आणि या एपीआयना तासाचे-मिनिटाचे कोटे असतात. इकोबीचं सांगणंच आहे की तीन मिनिटांपेक्षा लवकर पुन्हा विचारू नका. कॅश ठेवा, फक्त तिचं वय सांगा.

आणि खरोखर काहीच कळलं नाही तर? एमसीपीत टूलच्या उत्तराला 'ही चूक आहे' असा खुणेचा रकाना आहे. तो लावा आणि सोबत माणसाला कळेल असं वाक्य द्या: "खालच्या मजल्याचा थर्मोस्टॅट ३७२ मिनिटांपासून संपर्कात नाही. घराचं सध्याचं तापमान माहीत नाही. वीज किंवा इंटरनेट गेलेलं असू शकतं." नुसता पाचशे क्रमांकाचा एरर (सर्व्हरवर काहीतरी बिघडलं, एवढंच सांगणारा) दिलात तर एजंट पुन्हा-पुन्हा प्रयत्न करेल, आणि शेवटी संभाषणात वर कुठेतरी कालचं २१ सापडलं की तेच सांगून मोकळा होईल.

जागेबद्दल. थर्मोस्टॅट सहसा आतल्या पॅसेजच्या भिंतीवर असतो, छातीच्या उंचीला, उन्हापासून आणि गरम हवेच्या झरोक्यापासून लांब. म्हणजे घरातली सर्वांत सुखी जागा. पाइप गोठतात ते बाहेरच्या भिंतीतले, सिंकखालचे, तळघराच्या कडेचे. पॅसेजमध्ये ६० फॅरनहाइट असताना स्वयंपाकघरातला पाइप फुटलेला मी स्वतःच्या घरात अनुभवलाय, त्या रात्री बायको आणि मी परातींनी पाणी उपसत होतो. म्हणून टूलने 'घर' हा शब्द वापरूच नये. 'खालचा पॅसेज' म्हणावं. इकोबीत एक बारकावा आहे: त्याचं मुख्य तापमान हे त्या वेळच्या कम्फर्ट सेटिंगमध्ये (घरी, बाहेर, झोप अशा ठरवून ठेवलेल्या मांडणीत) सामील असलेल्या सेन्सरांची सरासरी असतं, यंत्राचं स्वतःचं वाचन वेगळ्या रकान्यात मिळतं. सरासरीत एक गारठलेली खोली सहज लपते. प्रत्येक सेन्सर नावानिशी वेगळा द्या. नेस्टचे खोलीत ठेवायचे गोल सेन्सर मात्र या एपीआयमधून दिसतच नाहीत, त्यामुळे सिंकखाली ठेवायला नेस्टचा सेन्सर घेऊ नका. आणि तुमचा खालचा थर्मोस्टॅट कितव्या पिढीचा आहे ते एकदा बघा. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या नेस्ट लर्निंगचा क्लाउड आधार २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालाय. ते भिंतीवर चालतात, दुरून वाचता येत नाहीत. तुम्हाला डिसेंबरात वाचता आलं, म्हणजे पुढच्या पिढीचा असणार, तरी खात्री करा.

दर आठवड्याला लॉगिन मागण्याचं कारण अगदी किरकोळ आहे. गुगलच्या कन्सोलमध्ये तुमचा प्रकल्प अजून 'टेस्टिंग' अवस्थेत आहे. त्या अवस्थेत रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा लॉगिन न करता आत राहू देणारा परवाना, सात दिवसांत मरतं. 'प्रॉडक्शन' करा, पुन्हा एकदा लॉगिन करा, संपलं. इकोबीची विकसक-किल्ली, म्हणजे त्यांचा एपीआय वापरायला मिळालेला सांकेतिक क्रमांक, मात्र जपून ठेवा. २०२४ पासून त्यांनी नव्या किल्ल्या देणं थांबवलंय. ती गेली तर होमकिटच्या (ॲपलच्या घरगुती यंत्रं जोडण्याच्या पद्धतीच्या) मार्गाने होम असिस्टंटला जोडणं हाच चांगला पर्याय, आणि तो घरातल्या घरात चालतो, क्लाउड लागत नाही.

परवानग्यांचं बघा. इकोबीत फक्त वाचायची आणि वाचून-लिहायची अशा दोन वेगळ्या परवानग्या आहेत. तुम्ही दुसरी घेतलीय, पहिली पुरेशी आहे. नेस्टमध्ये अशी सोय नाही, एकच परवानगी, तिच्यात सेटपॉइंट बदलणंही आलं. त्यामुळे तिथे दार तुमच्या सर्व्हरनेच अडवायचं: तापमान बदलणारं टूल लिहूच नका. एमसीपीत 'हे टूल फक्त वाचतं' अशी खूण लावता येते, पण ती सूचना आहे, कुलूप नव्हे. हा कोरडा उपदेश समजू नका. तुमचा एजंट तुमची मेलही वाचतो, असं तुम्हीच लिहिलंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संशोधकांनी कॅलेंडरच्या आमंत्रणात लपवलेल्या मजकुरातून गुगलच्या जेमिनीकडून घरातला बॉयलर चालू करवून दाखवला होता. परक्याने लिहिलेला मजकूर वाचणारा एजंट आणि घराची यंत्रं हलवणारं टूल एकत्र नांदवायचं असेल तर मध्ये माणसाची संमती हवी. आणि घर रिकामं आहे हे सांगणारा कुठलाही रकाना, म्हणजे कोणी घरी आहे की नाही ते, या टूलमधून देऊ नका. तापमान विचारणाऱ्याला त्याची गरज नाही.

शेवटचं, थोडं कटू. "घर कसं आहे" हे रोज सकाळी एजंटला विचारणं छान आहे, मीही विचारतो. पण गोठण्याचा इशारा त्याच्यावर सोपवू नका. तो तुम्ही विचारल्यावर बोलतो, आणि पाइप पहाटे तीनला फुटतो. १३ सेल्सिअसच्या खाली गेलं तर, किंवा फर्नेस तासभर 'हीटिंग' दाखवत असूनही तापमान उतरतच असेल तर, किंवा अर्धा तास काहीच कळलं नाही तर फोनवर संदेश, एवढे तीन नियम साध्या कोडमध्ये लिहा. तेही घराबाहेरच्या सर्व्हरवर, म्हणजे वीज गेली तरी ते जागे राहतील. आणि ज्या शेजाऱ्यांनी फोन केला त्यांच्याकडे किल्ली देऊन ठेवा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते दाखवून ठेवा. जाताना तो बंदच करून गेलात तर आणखी बरं.

पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी राउटरची वायर काढा, पाऊण तास चहापाणी करा, आणि फोनच्या डेटावरून एजंटला विचारा घर कसं आहे. "माहीत नाही, पाऊण तासापासून संपर्क नाही" असं म्हणाला तर बॅगा भरा. "२१ अंश" म्हणाला तर कोड पुन्हा इथे टाका, बघतो.